तळ्यावरच्या घराची शाकारणी

मी निघालो त्या दिवशी आबा छपरावर होते.

मे महिना सरत आला होता. तळ्यावरच्या आमच्या घराचं अर्धं छप्पर शाकारून झालं होतं आणि अर्धं उघडं होतं. कौलांखालच्या लाकडी रिपांच्या फटींतून खालची चूल दिसत होती. माझं विमान त्याच रात्रीचं होतं. आई पडवीत बसून माझ्या बॅगेला बांधलेली दोरी पुन्हा पुन्हा आवळत होती. माझी थोरली बहीण शांताताई अंगणात कौलं वाजवून चांगली एका बाजूला, फुटकी दुसऱ्या बाजूला लावत होती. आबा खाली उतरायची वाट पाहून मी शेवटी शिडीवर चढलो आणि तिथूनच त्यांच्या पायांना हात लावला.

"जा तू," ते म्हणाले. "मी येवढी ओळ पुरी करतो. पाऊस काय तुज्या इमानासाठी थांबनार नाय."

"पुढच्या मे महिन्यात येतो, आबा. दोघं मिळून करू."

"ये," ते म्हणाले, आणि ताईकडे हात केला. "दे गं."

मी बांधावरून हायवेकडे चालत गेलो. इर्शाळच्या सुळक्याच्या बाजूला ढग जमत होते. मागे वळून पाहिलं तेव्हा आबा उन्हात पाठमोरे बसले होते आणि कौलावर कौल ठेवल्याचा आवाज तळ्यावरून स्पष्ट येत होता.

त्याला तेराएक वर्षं झाली. मधे मी दोनदा घरी गेलो, दोन्ही वेळा डिसेंबरात, सुकलेल्या गवतात आणि स्वच्छ आकाशाखाली. मे महिन्यात एकदाही गेलो नाही. हे मी शांताताईसाठी लिहितो आहे, आणि माझ्यासारखे जे निघून आले त्यांच्यासाठीही. त्यांच्यातल्या प्रत्येकाचा असा एखादा न गाठलेला महिना असेल.

मी कॅनडात ओंटारिओमध्ये मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात काम करतो. साजगावच्या कारखान्यात लेथवर हात बसला होता, त्या जोरावर इथे आलो. इथे उन्हाळा लागला की शुक्रवारी शिफ्ट संपता संपता सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द असतो: कॉटेज. कुणाच्या आजोबांनी तळ्याकाठी लाकडी घर बांधलेलं असतं, गाडीवर होडी बांधून मंडळी वीकेंडला तिकडे जातात. पहिल्याच उन्हाळ्यात एकानं मला विचारलं, "तुमच्याकडे असं काही असतं का?" मी म्हणालो, "आमचंही होतं. तळ्याकाठी. सुट्टीत जायचो."

यात एक शब्दही खोटा नव्हता. आम्ही भिसेगावात एका खोलीत राहत होतो आणि दर मे महिन्यात तळ्यावरच्या घरी जात होतो. त्यांना काय दिसलं असेल ते मला कळत होतं: वेताच्या खुर्च्या, होडी, हॅट घातलेला बाप. मी ते तसंच दिसू दिलं. पुढे माझी मुलगी सुजाता झाली, तिलाही मी तेच सांगत आलो. आजोबांचं कॉटेज. ती चित्रं काढायची तेव्हा त्या घराला धुराडं असायचं आणि तळ्यात बदकं असायची.

खरं घर दोन खोल्यांचं होतं. शेणानं सारवलेली जमीन, मातीच्या भिंती, पाण्याकडे तोंड केलेली पडवी आणि वर नळीची कौलं.

आबा कर्जतच्या रेल्वे शेडमध्ये खलाशी, म्हणजे मदतनीस कामगार होते. घाटात गाडीला मागून रेटणाऱ्या इंजिनांची देखभाल तिथे व्हायची. वर्षभराची रजा साठवून ते सगळी मे महिन्यात घेत. मग आम्ही एसटीनं चौकला, तिथून लोधिवलीपर्यंत आणि पुढे पायी आत. ट्रंक आबांच्या डोक्यावर, भांड्यांचं बोचकं आईच्या. त्या प्रवासाला आमच्या घरचा एक नियम होता: एसटीत बसल्यापासून तळ्याच्या पायऱ्यांपर्यंत कुणी पाणी प्यायचं नाही. मेचं ऊन, घशाला कोरड. चौकच्या स्टँडवर लिंबू सरबताची गाडी, आणि आबा आमच्या पुढून मान ताठ ठेवून चाललेले. मी रडकुंडीला यायचो. ताई कानात सांगायची, "थुंकी गिळ. थुंकी गिळत चल." आई म्हणायची, "हे बघ, आलंच. त्या चिंचेच्या मागं आलंच."

पोचल्यावर सामान घरी टाकायचं नाही. तसेच तळ्याच्या मोठ्या पायऱ्या उतरायच्या, मधल्या पायरीवर बसायचं आणि ओंजळीनं प्यायचं. आधी आई, मग ताई, मग मी, शेवटी आबा. ते अगदी हळू प्यायचे. मला वाटायचं, हा खेळ आहे आणि यात वडील नेहमी हरतात.

त्या पायऱ्यांवर आमच्या माणसांनी पूर्वी पाऊल ठेवलेलं नव्हतं. आमची वस्ती तळ्याच्या सांडव्याखाली होती, आणि सांडव्यातून जे वाहून येईल, म्हशी धुतलेलं, कपडे धुतलेलं, ते आमचं पाणी. आबांची आई पायऱ्यांपासून लांब हंडा ठेवून उभी राहायची. कुणाला दया आली तर वरून ओतायचा. मग वस्तीनं धम्म स्वीकारला. तळं तर कायद्यानं आधीच सगळ्यांचं झालं होतं, पण पायऱ्यांवर कायदा नव्हता, हरी पाटील होता. त्या सुमारास तळ्याकाठची एक पडीक जागा मुंबईत राहणाऱ्या मालकानं विकायला काढली आणि आबांनी ती घेतली. वस्तीतल्या माणसानं घेतली हे गावाला कळलं तोवर जोतं बांधून झालं होतं.

हरी पाटील बांधावरून जाताना मुद्दाम थांबायचा. "काय रं, बंगलेवाला झालास? हवा खायाला येतोस व्हय दरसाली?"

आबा रिपा ठोकता ठोकता म्हणायचे, "हवा फुकट हाय, पाटील. तुमी पन या खायाला."

"आन् चहा?"

"चहा बी हाय. पिनार का?"

यावर पाटील हसायचा, खाकरायचा आणि निघून जायचा. चहा त्यानं कधी घेतला नाही.

ज्यांनी फक्त स्लॅब किंवा इथल्यासारखी शिंगल्सची, म्हणजे डांबरी चकत्यांची छपरं पाहिली आहेत त्यांना सांगतो: नळीच्या कौलांचं छप्पर दरवर्षी पावसाआधी उतरवून पुन्हा लावावं लागतं. वर्षभरात वानरं नाचतात, वारा कौलं सरकवतो, पाला कुजतो. एकेक कौल काढायचं, झाडायचं, बोटाच्या पेरानं वाजवायचं. खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर तडा गेलेलं. मग वळचणीपासून आढ्यापर्यंत ओळीनं रचत जायचं. याला शाकारणी म्हणतात. आमच्या सुट्टीतले बरेच दिवस यातच जायचे. ताई कौल वाजवून आईकडे देई, आई शिडीवरच्या माझ्याकडे, मी आबांकडे.

गावात शाकारणीची माणसं होती. पहिल्या वर्षी त्यातले दोघे यायला तयारही झाले. मजुरी घेऊ म्हणाले, काम चोख करू म्हणाले, फक्त पाणी आपापलं घेऊन येऊ. आबांनी त्यांना परत पाठवलं. "जो माज्या घरचं पानी पीत नाय, तो माज्या डोक्यावर चढनार नाय." मग ते शेडमधल्या एका कोकणातल्या सोबत्याकडून काम शिकले आणि पहिली दोन वर्षं आमच्या घरात धो धो गळलं. पुढे काळ बदलला, पाणी पिणारी माणसंही मिळू लागली असती. पण तोवर आबांच्या डोक्यात ते घट्ट बसलं होतं. कुणी सुचवलं की ते माझ्याकडे बोट दाखवायचे. "मानूस कशाला? माजा पोरगा हाय."

शाकारणी संपली की शेवटचा एक सोहळा असे. मी तळ्यातून बादल्या आणायचो, शिडीवरून वर द्यायचो आणि धावत घरात जाऊन जमिनीवर आडवा पडायचो, डोळे छपराकडे. आबा आढ्यावर उभे राहून पाणी ओतायचे. डोक्यावरून तळं वाहत गेल्यासारखा आवाज व्हायचा. मग वरून हाक यायची:

"गळतंय का रं, वसंता?"

मी सगळीकडे नजर फिरवून ओरडायचो, "नाय गळत!"

आणि तेवढ्यावर ते खाली उतरायचे. स्वतः आत येऊन बघायचे नाहीत. एकदा एका कोपऱ्यात थेंब पडत होता आणि मी पोहायच्या घाईत तरीही "नाय" म्हणालो. वळवाचा पाऊस आला की आई तिथे भांडं ठेवायची आणि आबांना म्हणायची, "पोरगं तुमचंच ना? मंग त्याच्या शब्दावर झोपा आता वल्यात."

हरी पाटलाचा मुलगा बबन माझ्याच वयाचा. तो पलीकडच्या काठावरून पोहत मध्यापर्यंत यायचा, मी आमच्या काठावरून जायचो, आणि मधल्या खडकाला धरून आम्ही भांडायचो. "तुमच्याच कौलांवर माकडं का नाचतात, ठाऊक हाय?" तो म्हणायचा. "माकडांना बी कळतं, नवा बंगला कुनाचा."

"तुमच्या कौलांवर नाचायची त्यांना गरज नाय," मी म्हणायचो. "घरातच हायेत."

मग आम्ही एकमेकांची डोकी पाण्यात बुडवायचो. काठावरून त्याची आई हाका मारायची आणि तो निमूट परत जायचा. त्या खडकाच्या अलीकडे तो कधी आला नाही.

आई गेली तेव्हा इथे माझी कायम वास्तव्याची कागदपत्रं व्हायची होती, देश सोडता येत नव्हता. पुढे डिसेंबरात गेलो. आबा तोवर निवृत्त होऊन तळ्यावरच्या घरीच राहायला आले होते, एकटे. ताईनं भिसेगावला चला म्हणून किती विनवलं. ते हलले नाहीत. शाकारणीला मेमध्ये ताई जायची, चाळिशी ओलांडलेली बाई, लुगड्याचा काचा मारून कौलं वर द्यायची. वर आबाच. मी दर वर्षी फोनवर सांगायचो, "या मे महिन्यात येतो." एका वर्षी कागद आड आले, एका वर्षी नोकरी नवी होती, एका वर्षी घर घेतलं, मग सुजाताची शाळा. आबा ताईला सांगायचे, "त्याचं चांगलं चाललंय ना? मंग झालं. पुढल्या साली येईल."

गेल्या मेमध्ये आबा शिडीवरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. छप्पर तसंच अर्धवट राहिलं, त्यावर प्लॅस्टिक अंथरून पावसाळा काढला. ताई आणि भावोजी आळीपाळीनं तिथे राहिले. आबा खाटेवर पडून वर बघत असायचे आणि त्यांचं एकच म्हणणं होतं: "छप्पर झाल्याबिगर मी हितून हलनार नाय. वसंता येईल, करील, मंग न्या मला कुठं न्यायचं तिथं."

या वर्षी मी नक्की येतो म्हणालो होतो. तिकिटं काढली होती. सुजाताला नेणार होतो. तिनं शाळेत सांगितलंसुद्धा, मी आजोबांच्या कॉटेजवर जाणार आहे.

मग कारखान्यात लेऑफची, कामगार कमी करायची बोलणी सुरू झाली. फोरमन म्हणाला, आत्ता जो रजेवर जाईल त्याला परत बोलावतीलच असं नाही. मी ताईला फोन करून हे कारण सांगितलं. ते खरं होतं, पण तेवढंच नव्हतं. तिकिटं हातात आल्यापासून मला रात्री झोप लागत नव्हती, आणि ती नोकरीच्या काळजीनं नव्हे. मला डोळ्यांपुढे दिसत होती ती सुजाता, त्या सारवलेल्या जमिनीवर उभी असलेली, फाटकं प्लॅस्टिक पाहणारी, आणि मग माझ्याकडे वळून पाहणारी. तिला मी आजवर काय काय सांगितलं होतं, काय काय सांगितलं नव्हतं. तिला पायऱ्यांबद्दल सांगावं लागलं असतं. तिच्या पणजीनं लांब ठेवलेल्या हंड्याबद्दल सांगावं लागलं असतं. ज्या माणसानं मान ताठ ठेवता यावी म्हणून ते घर बांधलं, त्याच्या मुलाला त्या घराची लाज वाटली. हे वाक्य लिहायला मला सगळा उन्हाळा लागला, आणि ते लिहून काही हलकं वाटलेलं नाही.

ताई फोनवर एवढंच म्हणाली, "बरं."

जूनच्या सुरुवातीला, एका रविवारी सकाळी मी तिच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती. ताई स्वतःच फोनवर आली, म्हणजे ती तळ्यावरून भिसेगावला परतली होती.

"आबा?"

"हितंच हायेत. आनलंय त्यांना."

"आणि छप्पर?"

"झालं."

कुणी केलं, मी विचारलं. ताईनं सगळं एका दमात सांगितलं, जणू तिलाही ते कुणाला तरी सांगायचंच होतं. मी येत नाही हे तिनं आबांना सांगितलं. ते दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर अंगणात बबन पाटील येऊन उभा राहिला. तो आता साजगावच्या कारखान्यांचा माल टेंपोतून नेतो, केस पिकलेत. म्हणाला, "काका, ढग आल्यात. चढू का वर?"

आबांनी खाटेवरून मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. ताईला वाटलं, आता हाकलतात.

मग ते म्हणाले, "पानी पी आदी. मंग चढ."

ताईनं तांब्या भरून दिला. बबननं तो उभ्याउभ्या पूर्ण रिकामा केला आणि पालथा करून दाखवला. "आता तर चढू?" म्हणाला. आबा हसले म्हणे. आई गेल्यापासून त्यांना हसताना तिनं पाहिलं नव्हतं.

त्या एका तांब्यासाठी आबांनी तीस वर्षं वाट पाहिली होती. आम्हाला एसटीत तहानलेलं ठेवलं होतं, गळक्या छपराखाली झोपवलं होतं. तो तांब्या रिकामा झाला तेव्हा मी अर्ध्या जगापलीकडे घरासमोरचा ड्राइव्हवे धूत होतो.

"बबननं चांगलं केलं रं काम," ताई सांगत होती. "दोन दिवस लागले. मी कौलं वाजवून दिली. शेवटी त्यानं वरून पानी ओतलं. आबा खाटेवर व्हते, वर डोळे लावून. त्यांना आता नीट दिसत नाय. ते म्हनाले, 'गळतंय का रं, वसंता?'"

मी रिसीव्हर कानाशी दाबून धरला.

"मी म्हनलं, नाय गळत, आबा."

"आणि खरंच?"

"खरंच. येक थेंब नाय." ताई म्हणाली. "मंग म्हनाले, चला आता. दुसऱ्या दिवशी बबननंच टेंपोतून आनलं त्यांना, गादी टाकून. किल्ली त्याच्याकडंच ठेवलीय. तो बघतो म्हनाला, माकडं-बिकडं."

मी आबांना फोन द्यायला सांगितलं. शेजाऱ्यांच्या लेकानं बहुतेक त्यांना उचलून तिथे आणलं आणि खुर्चीत बसवलं. खूप आवाज झाले. मग त्यांचा श्वास ऐकू आला.

"आबा, मी..."

"छप्पर झालं रं," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी राग शोधत होतो, नव्हता. "आता तू घाई करू नको."

एवढंच. इतकी वर्षं ते जी जागा माझ्यासाठी धरून बसले होते, ती त्यांनी सोडून दिली. मला शिक्षा म्हणून नव्हे. मला ओझं नको म्हणून.

आता मी कधीही जाऊ शकतो. लेऑफ झालाच नाही, रजाही मिळेल. पण कशासाठी जायचं? बबनकडून किल्ली मागून घर उघडायचं, न गळणाऱ्या छपराखाली उभं राहायचं. चौकच्या स्टँडवर पाणी न पिता चालत जाईन कदाचित, पण मधल्या पायरीवर बसून ओंजळ भरली तर ती कोणत्या तोंडानं प्यायची, हे मला कळत नाही. आणि सुजाताला घेऊन गेलो तर तिला त्या चिंचेपर्यंत सगळं सांगून झालेलं असायला हवं. मी सुरुवात केली आहे. परवा तिला हंड्याचं सांगितलं.  मग तिनं विचारलं, "मग तुम्ही मे महिन्यात तिथे परत का गेला नाहीत?"

इथल्या घराचं छप्पर गळत नाही. वीस वर्षांची हमी असलेलं आहे, त्यावर कुणी चढत नाही. जोराचा पाऊस आला की मी तरीही सोफ्यावर मान मागे टाकून वर बघत राहतो. पांढरं, कोरडं, सपाट सीलिंग. माझी बायको विचारते, काय बघताय? मी म्हणतो, काही नाही.

घर म्हणजे काय, असं कुणी आता विचारलं तर मला एवढंच सांगता येईल: जिथे वरून कुणीतरी आपल्याला विचारतं आणि आपल्या एका शब्दावर विश्वास ठेवून खाली उतरतं. आबांनी या वर्षीही मलाच विचारलं. ताईनं उत्तर दिलं.